आखाजीचा गोटा

मागच्या महिन्यात इथल्या, धुळ्यातल्या, एका शाळेने मला भाषणाला बोलावलं. आपल्या शेजारी देशांच्या ज्या क्रीडास्पर्धा होतात त्यांचा इतिहास मुलांना सांगा, तुम्ही स्वतः खेळून आला आहात, असं म्हणाले. मी चांगला पाऊण तास बोलले. पहिल्यांदा नेपाळात कशा भरल्या, तेव्हा खेळ किती थोडे होते, मग ढाका, कलकत्ता असं करत करत त्या कशा वाढल्या, सात देशांत अफगाणिस्तान पुढे कधीतरी कसा येऊन मिळाला, बायकांची कबड्डी यायला किती वर्षं वाट बघावी लागली, सगळं सांगितलं. स्पर्धा ठरल्या वर्षी भरवायच्या आणि कोणत्या तरी दोन शेजाऱ्यांचं बिनसलं की पुढे ढकलायच्या, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे, तोही सांगितला. मुलं जांभया देत होती. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका पोरीने हात वर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही फेकायला कुठे शिकलात?" मी म्हटलं, "शाळेच्या मैदानावर, बाळा." टाळ्या झाल्या, नारळ मिळाला, रिक्षाने घरी आले. आयुष्यभर खेळाच्या तासाला पोरींना खरं बोला म्हणून दटावणारी मी, आणि त्या पोरीला धडधडीत थाप मारून आले होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता वयही झालंय, लाज कोणाची धरायची? म्हणून लिहून टाकते.

मी फेकायला शिकले ती नदीत, आणि शिकले ते दगड फेकायला. आमचं गाव पाचोऱ्यापासून सायकलने तासाभराच्या अंतरावर, गिरणेच्या अलीकडच्या काठाला. पलीकडच्या काठावर दुसरं गाव. दोन्ही गावांची नावं मी लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं आज शिकून सवरून पुण्या-नाशिकला आहेत आणि त्यांना हे वाचून कसंसं होईल. उन्हाळ्यात गिरणा म्हणजे नुसती वाळू आणि गोटे, मधून एक बारीक धार. वर्षभर दोन्ही गावांचं येणं-जाणं, देणं-घेणं, सोयरीक सगळं चालायचं. त्यांच्या पोरी आमच्या घरात सुना, आमच्या पोरी त्यांच्याकडे. पण आखाजी आली, अक्षयतृतीया हो, आमच्याकडे तिला आखाजीच म्हणतात, की दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या लेकी नदीवर उतरायच्या आणि एकमेकींची डोकी फोडायच्या. याला आम्ही बार म्हणायचो. फक्त लेकींनी खेळायचा. सुनांनी घरी मांडे करायचे, पुरुषांनी झाडाखाली पत्ते कुटायचे आणि मधून मान वर करून बघायचं. आधी दोन्ही काठांवरून गाण्यात शिव्या. त्या इतक्या घाण की मी आज पन्नाशी उलटल्यावरही कागदावर उतरवू शकत नाही, पण तेव्हा दहा वर्षांच्या पोरींना त्या पाठ असायच्या. शिव्या संपल्या की गोटे. सणाला बसवलेली गौराई पाण्यात सोडली की बार संपला. त्यात दात पडो, डोळा जावो, कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, पोलिसात जायचं नाही, सोयरीक मोडायची नाही. नदीतलं नदीत ठेवायचं, हा नियम दोन्ही गावं देवाच्या शपथेसारखा पाळायची.

आमच्या बाजूची म्होरकी माझी फुई, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. ती दिलेली होती पलीकडच्याच गावात. वर्षभर तिकडे नणंदांची बोलणी खायची, आणि आखाजीला माहेरी आली की त्याच नणंदांना नदीत नेम धरून हाणायची. तिचे पुढचे दोन दात नव्हते. ते तिच्या धाकट्या नणंदेनेच पाडलेले, आणि त्या नणंदेच्या कपाळावरची खोक फुईची. दोघी एरवी एका ताटात जेवायच्या. फुई घरात शिरली की घर दणाणायचं. चुलीवर खापर पालथं घालून ती मांडे करायला बसायची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तो मांडा खेळवत मोठा मोठा करत न्यायची आणि तोंडाने गेल्या वर्षी कोणाचं काय फोडलं त्याची उजळणी चालू. बाहेर निंबाच्या झाडाला झोके बांधलेले असायचे, त्यांच्या दोरांचा करकर आवाज आणि पोरींची गाणी दिवसभर कानावर. आंब्याच्या रसाची पातेली भरलेली, कुरडया तळल्याचा वास, आणि परसात माय हळद कुटून तंबाखूच्या पुडीसोबत फडक्यात बांधून ठेवतेय. ते फडकं उद्याच्या जखमांसाठी. सणाच्या तयारीत आमच्याकडे ते पुरणाइतकंच धरलेलं असायचं, आणि त्यात काही वेगळं आहे असं मला खूप वर्षं वाटलंही नाही.

मला वाटलं नाही कारण मारणं घरात रोजचंच होतं. नाना, माझे वडील, माणूस वाईट नव्हता, पण बैलाला टोचायची पराणी हातात असली की ती बैलावर थांबायची नाही. मायच्या पाठीवर मी वळ मोजलेले नाहीत, पण पाहिलेले आहेत. मोठा भाऊ मला मारायचा, मी धाकटीला मारायची, धाकटी कोंबड्यांना. आखाजीचा बार हा वर्षातला एकच दिवस होता जेव्हा बायांचा हात उठायचा आणि गावातले सगळे बापे तो मुकाट्याने बघायचे. त्या दिवशी मायचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ती सून, तिला नदीत उतरता यायचं नाही, पण काठावरच्या बाभळीआड उभी राहून ती मला ओरडून सांगायची, "निमा, डावीकडनी हाण." त्यामुळे कोणी मला विचारलं की तुला ताकद कुठून आली, तर मी आता म्हणेन, मायकडून.

देवरे सर पाचोऱ्याच्या आमच्या हायस्कूलला खेळ शिकवायचे. बुटके, रागीट, शर्टाच्या खिशात कायम शिट्टी. एका आखाजीला ते सायकल मारत बार बघायला आले. लोक म्हणाले, सर शूटिंग बघायला यावं तसे आलेत. सरांनी दोन तास काठावर उभं राहून बघितलं आणि दुसऱ्या सोमवारी शाळेत दोन पोरींना बोलावून घेतलं. एक मी. दुसरी पलीकडच्या गावची मथुरा. मथुरा माझ्याच वर्गात, पण तोवर आम्ही एकमेकींना फक्त दगडाच्या अंतरावरून ओळखत होतो. उंच, काळीसावळी, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब, आणि बोलणं कमी. सरांनी आम्हाला एकेक बांबू दिला. टोकाला लोहाराकडून लोखंडी टोपण बसवून आणलेलं. म्हणाले, "नदीत जे करता तेच करायचं. फक्त समोर कोणाचं डोकं नाही असं समजायचं." मथुरा म्हणाली, "मंग काय मजा?" सरांनी तिच्या कानाखाली एक वाजवली आणि आमचं शिक्षण सुरू झालं.

तीन वर्षं आम्ही दोघी रोज शाळा सुटल्यावर फेकत होतो. बोटांना फोड, खांदे ठणकायचे, सर शिव्या द्यायचे, चुकलं की त्याच बांबूने पोटरीवर फटका. पण त्या मैदानावर जे सुख होतं ते मला पुन्हा कुठे मिळालं नाही, हेही लिहिलं पाहिजे. मी तिच्या डब्यातली तिळाची चटणी खायची, ती माझ्याकडचा ठेचा. एस.टी. चुकली तर चालत नदीपर्यंत सोबत, तिथून ती तिच्या काठाला आणि मी माझ्या. पहिल्याच वर्षी आमचं ठरलं होतं. आखाजीच्या आदल्या दिवशी मथुरा वाळूत बसली आणि म्हणाली, "हाई देख निमा, तू मनावर मारू नको, मी तुनावर मारस नही. बाकीनास्ले काय करनं ते कर." मी हातावर हात दिला. दोन आखाज्या आम्ही ते पाळलं. मी तिच्या फुटभर बाजूला दगड टाकायची, ती माझ्या डोक्यावरून. गावाला वाटायचं, काय त्वेषाने एकमेकींवर तुटून पडल्यात.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या वर्षी सरांकडे जळगावहून पत्र आलं. शेजारी देशांच्या स्पर्धा त्या वर्षी कोलंबोला होत्या. त्यासाठी पुण्यात शिबिर लागणार, तिथे आमच्या भागातून भालाफेकीला एकच मुलगी घेणार, चाचणी जळगावला, आखाजीनंतर आठ दिवसांनी. एकच मुलगी. आणि ती मथुरा असणार हे मला, तिला, सरांना आणि मैदानात चरणाऱ्या शेळ्यांनाही माहीत होतं. ती माझ्यापेक्षा आठ-दहा हात लांब फेकायची. रोज. ऊन असो, वारा असो, पोटात दुखत असो. मी कितीही जीव काढला तरी तिचा बांबू माझ्या पुढे जाऊन रुतायचा आणि ती मागे वळून माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी न जिंकण्याचं मला इतकं वाईट वाटलं नसतं, पण माझ्यामागे काय होतं ते सांगते. नानांनी माझं ठरवून टाकलं होतं. अमळनेरकडचं स्थळ, मुलगा ट्रॅक्टर चालवायचा, पहिली बायको जळून गेलेली. कशी जळाली ते कोणी विचारत नव्हतं. मी रडून ओरडून पाहिलं, त्याबद्दल भावाचा मार खाल्ला. शेवटी नाना म्हणाले, "देशनी टीममा गयी ते पुढला साल देखसूत. नही ते मृगना आगोदर लगीन." एवढीच फट मला मिळाली होती, आणि त्या फटीत मथुरा उभी होती.

सरांनी आम्हाला समोरासमोर उभं करून बजावलं, "या वर्षी नदीवर पाय ठेवायचा नाही. दोघींनीही. एखादीचा हात गेला तर मी काय तोंड दाखवू?" आम्ही माना डोलावल्या. घरी आले तर फुई येऊन बसलेली. मी येणार नाही म्हटल्यावर तिने हातातली पळी खाली ठेवली. "काय वं निमा, भाला फेकाले शिकनी म्हणीसन हात सोनाना व्हई ग्या का तुना? गावनी लेक शे तू. घरमा बठशी ते लोके थुंकतीन आम्हनावर." नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला आणि दुसऱ्यांनाही सांगत आले की फुईने भरीला घातलं म्हणून मी गेले. ते खोटं आहे. फुईला मी नाही म्हणू शकले असते. मी त्या दिवशी पहाटे नदीवर जाऊन दोन गोटे निवडून आले होते. चपटे, मुठीत बसणारे, कडेला धार असलेले. धुऊन परकराच्या ओच्यात ठेवले. माझ्या मनात काय होतं ते मला नीट माहीत होतं. आणि मथुरा येणार हेही माहीत होतं, कारण तिच्या गावातही फुया होत्या.

ऊन असं होतं की वाळूत पाय टेकवत नव्हता. शिव्या संपल्या, पहिला गोटा त्यांच्याकडून आला आणि आमच्यातल्या एकीच्या गुडघ्यावर बसला. मग धरबंध राहिला नाही. गोटे आले की आधी वाळूत थपथप आवाज यायचे, आणि मधूनच एक वेगळा आवाज, कोणाच्या तरी अंगावर बसल्याचा. माझ्या चुलतबहिणीचा ओठ फाटला, ती रक्त थुंकत थुंकत हसत होती आणि फेकत होती. एका पोरीच्या नथीवर गोटा बसून नाकपुडी चिरली. फुईच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं तर तिने ते पदराने पुसलं, पदर कमरेला खोचला आणि पलीकडच्या आपल्या नणंदेला हाक मारून सांगितलं की संध्याकाळी तुझ्यासाठी मांडे पाठवते, आधी हे घे. आणि मारला. काठावरचे बापे पत्ते टाकून उभे राहिले होते. माय बाभळीआड. मला कशाचाच आवाज ऐकू येईनासा झाला होता. मी मथुरेला शोधत होते.

ती उजव्या टोकाला, धारेजवळच्या खडकापाशी दिसली. निळं पोलकं, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. ती आमच्याच बाजूला बघत होती. तिने हात मागे नेला. भाला टाकताना नेते तसाच, कोपर कानाच्या वर, मनगट मोकळं. सरांनी ते कोपर तिच्याकडून तीन वर्षं घोटून घेतलं होतं, आणि ते किती वेळ वर राहतं हे माझ्याइतकं जगात कोणाला माहीत नव्हतं. मी दोन पावलं पळाले आणि सोडला. नेम डोक्यावर नव्हता, छातीवर नव्हता. मी कोपरावरच धरला होता आणि कोपरावरच लागला.  ती खाली बसली आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर उचलून ठेवला, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा. तो हात भलत्याच बाजूला वळलेला होता. त्यांच्याकडच्या बाया तिच्याभोवती गोळा झाल्या आणि आमच्याकडच्या नाचायला लागल्या. फुईने मला उचलून धरलं, आपल्या कपाळाचं रक्त माझ्या कपाळाला लावलं. ओच्यातला दुसरा गोटा मला मांडीला टोचत होता. मी तो तिथेच टाकला आणि वाळूत उलटी केली. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं.

मथुरेच्या बापाने तिला हाडं बसवणाऱ्या माणसाकडे नेलं. कामट्या बांधल्या, पाला लावला. हात वाकडाच जुळला. आठ दिवसांनी मी सरांबरोबर जळगावला गेले, एकटी.  स्टँडवर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "गोटा कोणाचा होता?" मी म्हटलं, "नदीत कोण बघतं, सर." त्यांनी भर स्टँडवर माझ्या थोबाडीत मारली. लोक थांबून बघायला लागले. मग त्यांनी रुमालाने स्वतःचंच तोंड पुसलं, मला चहा पाजला आणि मैदानावर नेलं. मी पहिली आले. दुसरी कोणी नव्हतीच म्हणा फारशी. सर निकालाच्या कागदावर सही करून म्हणाले, "आता मात्र जीव तोडून फेक. नाहीतर दोन्ही पोरी फुकट गेल्या म्हणायच्या."

मी जीव तोडून फेकलं. पुण्याच्या शिबिरात निवड झाली, नानांनी स्थळाला नकार कळवला, आमच्या गावाने हार घातला. तिकडच्या गावानेही घातला, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. त्यांच्या सरपंचाने वेशीवर माझ्या गळ्यात हार घालून, आपल्या गिरणाकाठची लेक म्हणून भाषण केलं. नदीतलं नदीत. मथुरा त्या गर्दीत नव्हती. कोलंबोत मी समुद्र पहिल्यांदा पाहिला, नारळाच्या दुधातला भात खाल्ला, मुष्टियुद्धाच्या हॉलमध्ये आपला एक पोरगा आणि शेजारच्या देशाचा एक पोरगा एकमेकांची नाकं फोडताना पाहिले. सगळा हॉल उठून उभा होता. लढत संपल्यावर दोघांनी मिठी मारली आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या बनियनला लागलं. माझ्या शेजारची बंगालची धावपटू म्हणाली, किती छान, शेजारी असावेत तर असे. मी उठून बाहेर गेले. माझ्या स्पर्धेत पहिला भाला रेषेबाहेर गेला, बाकीचे बरे पडले. चौथी आले. चौथीला काही देत नाहीत. अपराधीपणामुळे हात आखडला वगैरे काही मी म्हणणार नाही. माझा हात तेवढाच होता.

परत आले तेव्हा गारठा पडला होता. दोन दिवस मी घरात बसून काढले आणि तिसऱ्या दिवशी नदी ओलांडून मथुरेकडे गेले. सोबत कोलंबोला जाताना मिळालेला संघाचा निळा कोट, खिशावर तिरंगा असलेला. तो तिला द्यायचा आणि पाय धरायचे, असं मी ठरवलं होतं. ती मागच्या अंगणात होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून काढलेली, आणि ती लाकडी बडगीत भरीत ठेचत होती. डाव्या हाताने. उजवा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला, तो सरळ होत नव्हता. मला पाहून तिने पाट सरकवला. मी बसले नाही. उभ्याउभ्याच म्हटलं की तो गोटा माझा होता, चुकून लागला नाही, मी ठरवून मारला, पहाटे निवडून ठेवला होता. मला वाटलं ती मुसळी फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

मथुरेने दोन ठोके आणखी घातले. मग म्हणाली, "माले ठाऊक शे."

मी म्हटलं, "कसं?"

"मी बी तुनाच हातवर नेम धरेल व्हता. तीन गोटा मारात. तिन्ही चुकनात." तिने बडगीतलं भरीत बोटाने चाखलं आणि मिठाकडे हात नेला. "तुना लागना, मना चुकना. तितलंच."

मी पाटावर बसले. तिच्याकडेही एक स्थळ ठरत होतं, तिचा भाऊही मारायचा, हे मला चांगलं माहीत होतं आणि त्या वेळी एकदाही आठवलं नव्हतं. आधी मला राग आला, खोटं का बोलू, भयंकर राग आला, की आपलं ठरलेलं असताना हिने माझ्यावर नेम धरलाच कसा. मग तो राग मलाच इतका हास्यास्पद वाटला की मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले.  तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली, वर भरीत घातलं, तेल ओतलं. कोट तिने घेतला नाही, मला थंडी वाजत होती तर माझ्याच खांद्यावर टाकला.

मी दोन घास खाल्ल्यावर तिने विचारलं, "कितवी ऊनी?"

"चौथी."

मथुरेने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता, सर एखादी फेक बघून करायचे तसा हिशेबी चेहरा होता. म्हणाली, "मी जातू ते पयला नंबर ऱ्हाता मना."

ती बढाई मारत नव्हती. कोलंबोत पहिल्या आलेल्या मुलीचा भाला कुठे पडला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मथुरा त्याच्या पुढे टाकायची, पाचोऱ्याच्या शाळेच्या मैदानात, लोहाराचं टोपण बसवलेल्या बांबूने, अनवाणी. टेपचं दुसरं टोक धरून मीच उभी असायची.